शिंगाच्या टोकाशी धूर

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडची हवा गोड होते. हे मी लाडात येऊन लिहीत नाही. ती खरोखरच गोड होते; वाळत घातलेल्या धोतराला, पुस्तकांच्या पानांना, चहाच्या कपाला तो वास चिकटतो. माझ्या तरुणपणी तो गुऱ्हाळांचा होता. आता साखर कारखान्यांचा आहे आणि त्यात गोडापेक्षा आंबूसपणा जास्त. शेजारच्या वहिनी काकवीची बाटली आणून देतात, "काका, ताजी आहे बरं का" म्हणतात, मीही तोंडभर हसून ती घेतो. दार लावलं की माझी चिडचिड सुरू होते. काकवीवर माझा राग नाही. राग या दिवसांवर आहे. वर्षातले हेच दोन-तीन महिने असे की दिवेलागण झाल्यावर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येतो, त्यामागून रोहिणी, त्यामागून मृग. आणि नेमके हेच महिने आमच्या कृष्णाकाठच्या लोकांनी आभाळात धूर सोडण्यासाठी निवडलेले आहेत.

यंदा औषधांच्या दुकानदाराने दिलेल्या कॅलेंडरावर डिसेंबरच्या पानाला एक रंगीत फोटो आहे. तांबड्या-हिरव्या धाग्यांचा विसकटलेला गुंता आणि मधोमध निळसर उजेड. खाली बारीक अक्षरांत 'स्फोट पावलेल्या ताऱ्याचे अवशेष, वृषभ रास'. त्याच्याही खाली संकष्टी, एकादशी आणि गॅसची टाकी कधी बदलली त्याची माझी पेन्सिलची खूण. माणसाने एखाद्याला भेटण्यासाठी जन्मभर खेटे घालावेत आणि शेवटी तो आपल्याच स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याच्या वर टांगलेला सापडावा, तसं काहीसं झालं. फोटो सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण शिवराम घाडगेने वर्णन केलं होतं त्यात तांबडं-हिरवं काही नव्हतं. तो म्हणाला होता, धूर.

महायुद्ध संपल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. मी सांगलीला एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. युद्धाच्या काळात परदेशी मासिकं बोटीवर कुठे कुठे अडकून पडली होती, ती आता एकदम गठ्ठ्याने वाचनालयात येऊन पडली. लोकांनी त्यातली विमानांची चित्रं पाहिली आणि गठ्ठे माझ्यासाठी मोकळे झाले. त्यातल्या एका अंकात मला तो लेख सापडला. नऊशे वर्षांपूर्वी वृषभेच्या एका शिंगाच्या टोकाशी एक तारा अचानक पेटला होता. तीनेक आठवडे तो भरदिवसा दिसत होता आणि रात्री तर पुढे जवळजवळ दोन वर्षं. चीनच्या दरबारी ज्योतिष्यांनी तो पाहिला आणि लिहून ठेवला. आज त्याच जागी दुर्बिणीतून एक फिकट डाग दिसतो. तो डाग अजून पसरतो आहे. पसरण्याचा वेग धरून मागे मागे गेलं तर माणूस त्या चिनी ज्योतिष्यांच्याच काळात जाऊन पोचतो. म्हणजे हा डाग त्या फुटलेल्या ताऱ्याचाच उरलासुरला भाग. जगावर बॉम्ब पडत असताना चिनी भाषेचे पंडित आणि आकाश मोजणारी माणसं यांनी मिळून हे जुळवलं होतं. मी तो लेख वाचला आणि आधी आनंद झाला. मग, आपल्याकडे होतं तसं, दुखायला लागलं. आमच्यापैकी कुणी पाहिला का तो? ताम्रपटांत गाई दिल्याच्या नोंदी आहेत, जमिनी दिल्याच्या आहेत, जमीन परत घेईल त्याला मिळणाऱ्या शापांच्या तर फारच सविस्तर आहेत. दिवसाढवळ्या सूर्याच्या सोबतीला एक तारा येऊन उभा राहिला, त्याबद्दल कुणाचा एक शब्द माझ्या हाती लागला नाही.

मी पंचांगाच्या रीतीने मागे मोजत गेलो तर तो महिना आषाढ निघाला. आषाढात कृष्णाकाठच्या माणसाला बांधावरचं स्वतःचं जनावर दिसत नाही, तारा कुठून दिसायला! मला जरा हायसं वाटलं. मग आठवलं, रात्रीचा तर तो दोन वर्षं दिसत होता. दोन वर्षं कुणाच्या गावावर ढग नसतो. म्हणजे पूर्वजांना सोडवायला मी काढलेली सबब एका रात्रीतच गळून पडली. तेव्हापासून ती मला दर आषाढात आठवते आणि दर मार्गशीर्षात पुन्हा फसते.

सुट्टीला मी माधवनगरला गाडीत बसायचो आणि मसूरला उतरून उंब्रजला घरी यायचो. शिवराम माझा तिथला शाळेतला सोबती. घाडग्यांची नदीलगत उसाची जमीन होती आणि दर पिढीतला एक पोरगा पलटणीत द्यायचा अशी त्या घराची रीत होती. या पिढीतला शिवराम. तोफखान्यात हवालदार होता, आफ्रिकेचं वाळवंट बघून, नंतर इटली बघून परत आला होता. गेला तेव्हा बोलघेवडा होता. आला तो गुऱ्हाळावर बसून चुलवणात, म्हणजे रसाच्या भट्टीत, चिपाडं सारायचं काम मागून घेऊन बसला. त्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही. लोक विचारायचे, "शिवा, लढाई कशी असती रं?" तो म्हणायचा, "लांब असती." आणि चिपाडाची पेंढी उचलायचा.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसलो होतो. काहिलीत रस उकळत होता, मळी काढून टाकत होते. शिवराम एकदम म्हणाला, "मास्तर, तू शास्तर शिकिवतोस न्हवं? बैलाच्या शिंगापाशी धूर कशाचा असतोय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. आम्ही वर्गात असताना तो मला गुरुजींसमोर असंच अडकवायचा. पण तो वर बोट दाखवत होता. वर काही नव्हतं. म्हणजे असणार, पण आमच्या आणि त्याच्यामध्ये चुलवणाचा धूर होता.

वाळवंटात त्यांच्या तोफांच्या बॅटरीवर एक गोरा कॅप्टन होता, आभाळाच्या नादाचा. तोफा गप्प असल्या की स्वतःची दुर्बीण लावायचा. त्याने एकदा शिवरामला बोलावून डोळा लावायला सांगितलं. "शिंगाच्या शेंबीच्या जरासं वर बग, म्हनला. म्हंजी त्यो त्याच्या भाषेत म्हनला, शेंबी मी म्हनतोय. धूर हाय बारका. सरळ बगितलं की जातोय. जरा बाजूला बगायचं, मग कडंनं येतोय. मी इचारलं, सर, व्हॉट इज? साहेब म्हनला, कुनाला म्हायती न्हाई. आन् दुसऱ्या दिशी आमी म्होरं गेलो."

शेंबी म्हणजे बैलाच्या शिंगावरचं पितळी टोपण. मला तो तारा लगेच कळला. वृषभेच्या खालच्या शिंगाचं टोक. आणि त्याच्या जरासं वर काय आहे, हेही पृथ्वीवरच्या ज्या थोड्या माणसांना नीट ठाऊक होतं, त्यांत वाचनालयाच्या कृपेने मी होतो. शिवरामने ते पाहिलं होतं आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. तारा फुटला, दिवसा दिसला, त्याचं जे उरलं ते अजून पसरतंय. तो चिपाडं सारायची विसरला. काहिलीवरच्या गुळव्याने ओरडून शिवी दिली तेव्हा भानावर आला.

"फुटलेलं हाय व्हय ते," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला घरी नेऊन कणगीमागून गोणपाटात गुंडाळलेली दुर्बीण काढून दाखवली. परत येताना देवळालीला लष्करी सामानाचा लिलाव होता, तिथून उचललेली. पितळेची लांब नळी, तोंडाशी तळहाताएवढी काच. घरी आल्यापासून तिच्यातून त्याला चंद्र दिसला होता आणि बाकी फक्त कृष्णेचं धुकं.

"तात्यांस्नी दावायचंय," तो म्हणाला.

तात्या म्हणजे त्याचे वडील. उंच, तिरसट, स्वच्छतेचे भोक्ते. घरात सुना-लेकी असून संध्याकाळी कंदिलाच्या काचा ते स्वतः पुसायचे. चुलीतली राख वस्त्रगाळ करून ठेवलेली असायची. ती बोटांनी लावायची, जुन्या धोतराच्या फडक्याने चोळायचं, काच डोळ्यापुढे धरायची, पुन्हा चोळायचं. दुसऱ्या कुणी पुसलेली काच त्यांना चालत नसे. आता मात्र काच डोळ्यापुढे धरून फारसं काही कळत नव्हतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डावा जवळजवळ पिकला होता. मिरजेला जाऊन डोळे कापून घ्या म्हटलं की ते म्हणत, "तुमचं तुमी घ्या कापून."

"त्यांना हे कशाला दाखवायचं?" मी विचारलं.

शिवराम नळी कुरवाळत होता. "लढाईचं सांगाया गेलो की माजं त्वांड मिटतंय, मास्तर. तात्या इचारत न्हाईत, पर वाट बगत्यात. मला कळतंय. ह्ये तरी दावता यील. तिथं मी बगितलं, हितं त्येंनी बगायचं. तेवढं एक तरी दोघांचं हुईल. डोळं जायच्या आत."

मी फार विचार न करता म्हणालो, "होऊन जाईल. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे पुढच्या दीड महिन्यात कळलं. उसाचा चरक चालू असेपर्यंत धुराचा प्रश्न होता. आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणजे त्या दिवशी चरक बंद, चुलवण थंड. शिवाय चंद्र नाही. आम्ही कार्तिकातल्या अमावास्येवर डोळा ठेवून बसलो. सूर्य मावळला, आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, कृत्तिका एकेक मोजून घ्याव्यात अशा. तात्यांना बाजेवर आणून बसवलं. इतक्यात नदीच्या अंगाला भडका दिसला. शेजारच्या मळेकऱ्याने, आज बैलांना सुट्टी आहे तर मोकळ्या वेळात उरकून टाकावं म्हणून, उसाचं पाचट पेटवून दिलं होतं. त्याचं बघून पलीकडच्याने पेटवलं. तासाभरात आख्ख्या खोऱ्यावर गोधडी पडली. तात्या खोकत घरात गेले. जाता जाता म्हणाले, "पोरगं लढाईवरनं आलं ते आभाळाकडं बगाया लागलं. आभाळ बी वैतागलं."

त्यानंतरची गोष्ट बापूसाहेब वकिलांची. सांगलीत एक व्याख्यानमंडळ होतं, त्याचे हे अध्यक्ष. बापूसाहेबांच्या हातून समारंभाशिवाय काही होत नसे. ते विहिरीवर मोटार बसवली तरी तिचं लोकार्पण करत. मी शाळेत कुणाशी तरी बोललो ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या तीन मजली घराची गच्ची धुराच्या वर होती, हे खरं. "मंडळातर्फे नक्षत्रदर्शन करू. तुमच्या हवालदाराचा सत्कार करू. वडिलांनाही आणा," ते म्हणाले. मी अमावास्येचा आग्रह धरला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू त्यांच्या घरी दिवस घालायला सुचवत होतो. "मास्तर, अमावास्येला शुभकार्य? दत्तजयंती ठरवून टाकलीय."

दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. या महिन्याला मार्गशीर्ष का म्हणतात, तर पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्ष नक्षत्रात असतो म्हणून. ते नक्षत्र वृषभेच्या शिंगांना लागून. म्हणजे वर्षातल्या सगळ्या रात्रींमधून बापूसाहेबांनी नेमकी अशी निवडली होती, की पूर्ण चंद्र त्या बिचाऱ्या धुराच्या डोक्यावर येऊन बसावा. मी हे त्यांना समजावून सांगितलं. ते प्रसन्न हसले. "मग तर उत्तमच. उजेडात अधिक स्पष्ट दिसेल."

शिवरामला मी येऊ नको म्हणालो. पण तात्यांनी सत्काराचं ऐकून नवा पटका काढला होता. त्यामुळे सगळे आले. गच्चीवर खुर्च्या, सतरंज्या, चार कोपऱ्यांत फुसफुसणाऱ्या गॅसबत्त्या. वर चंद्र. दुर्बीण मधोमध चौरंगावर उभी केलेली आणि तिला झेंडूचा हार. भटजींनी तिची यथासांग पूजा केली. मग बापूसाहेब बोलायला उभे राहिले आणि पाश्चात्त्यांना जे काल कळलं ते आमच्या ऋषिमुनींना केव्हाच ठाऊक होतं, असं त्यांनी पाऊण तास सांगितलं.

मी मधेच विचारलं, "कुठल्या ग्रंथात आहे?"

"ते शोधणं तुम्हा तरुणांचं काम आहे," बापूसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. त्यानंतर मी पुष्कळ ग्रंथ शोधले. बापूसाहेबांनी मला दिलेलं हे एकमेव काम मी प्रामाणिकपणे केलं, आणि ते काही सापडलं नाही.

मग दर्शन. आधी बापूसाहेब. "अहाहा," ते म्हणाले. मग डॉक्टर, मग सावकार, मग माधवनगरच्या गिरणीतले एक मॅनेजर. मानाप्रमाणे रांग होती. ज्याने त्याने डोळा लावला आणि अहाहा म्हटलं. एकाला तर तारा फिरताना दिसला. शेवटी सुंठवडा वाटायला लागले तेव्हा तात्यांची पाळी आली. शिवरामने त्यांना धरून खाली वाकवलं, हळू आवाजात सांगितलं, "तात्या, सरळ न्हाई, जरा बाजूला बगा." तात्या खूप वेळ बघत राहिले. त्यांचा पटका सरकून मानेवर आला.

"दिसलं का?" बापूसाहेबांनी मोठ्याने विचारलं.

"तांबडं दिसतंया," तात्या म्हणाले. "नुस्तं तांबडं."

सगळी गच्ची हसली. तात्या सरळ झाले, पटका नीट केला आणि कुणाकडे न बघता जिन्याकडे गेले. शिवरामने नळीचं तोंड तपासलं. पूजेत भटजींनी काचेवर तेलात कालवलेलं कुंकू फासलं होतं, चांगलं काचभर. त्यावर गॅसबत्तीचा उजेड पडून ते पेटल्यासारखं झालं होतं. त्या रात्री त्या दुर्बिणीतून कुणालाच काही दिसणं शक्य नव्हतं. जे दिसत होतं ते एकट्या तात्यांनी सांगितलं होतं.

मी त्यांना मसूरपर्यंत सोडायला गेलो. परतीच्या गाडीत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मी बापूसाहेबांवर बोलत राहिलो, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं.

चार दिवसांनी मी सुट्टीला आलो तेव्हा शिवराम मसूर स्टेशनावर मला आणायला आला. म्हणाला, "चल, दावतो." घरी ओसरीवर दुर्बीण ठेवली होती. नळी चिंच लावून घासलेली, सोन्यासारखी. आणि पुढची काच. मी ती उजेडात धरली. तिच्यावर बारीक ओरखड्यांची गोलगोल जाळी पसरली होती, कडेपासून कडेपर्यंत, कुठे बोटभर जागा सुटली नव्हती. काच दुधासारखी झाली होती.

तात्या शेजारी उभे होते. "तेल लय बसलं हुतं," ते म्हणाले. "पानी लावून निघंना. मग राख घेतली. चुलीतली न्हाई, चुलवणातली, एकदम मऊ. दोन दीस चोळतोय. आता कशी झाली?"

ते आजवर त्या दुर्बिणीला हात लावत नव्हते. तिचं नावही घेत नव्हते. 'ते नळकांडं' म्हणायचे. डोळ्याला धड दिसत नसताना दोन दिवस मांडीवर घेऊन त्यांनी ती पुसली होती. कंदिलाची काच पुसतात तशी. घरातली कुठलीही काच त्यांनी कधी वेगळ्या तऱ्हेने पुसली नव्हती.

मी तोंड उघडलं. शिवरामने माझ्या पायावर पाय दिला.

"लख्ख झाली, तात्या," तो म्हणाला.

"मग दाव आता. त्या वकिलाच्या माडीवर नगं. हितं बी नगं, हितं धूर हाय. मानदेशात बिरू हाय न्हवं आपला? त्याच्याकडं जाऊ."

बिरू हा माणदेशातला मेंढपाळ. दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची मेंढरं घाडग्यांच्या रानात खतासाठी बसायला यायची. त्याचा मेंढवाडा दहिवडीच्या पलीकडे. तिकडे ऊस नाही, गुऱ्हाळ नाही. धूर निघण्यासारखं काही पिकतच नाही. हे मला आधी का सुचलं नाही यावर मी वाटभर स्वतःवर चरफडत होतो, आणि आता सुचून उपयोग काय यावरही. सर्व्हिस मोटारीत बसताना मी शिवरामला बाजूला घेऊन म्हणालो, "त्या काचेतून सूर्य तरी दिसेल का? कशाला नेतोस म्हाताऱ्याला?"

"त्येंनी सोताहून दाव म्हटलंय, गड्या. जल्मात पैल्यांदा. आता मी न्हाई म्हनू?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही पोचलो. मी त्याच्याआधी आणि नंतर पुष्कळ आभाळं पाहिली, तसलं पाहिलं नाही. दिवस मावळला तसं ते वरून दाबायला लागल्यासारखं खाली आलं. कृत्तिका, रोहिणी, शिंगं, शेंबी, कुणाला विचारावं लागत नव्हतं. दोन वर्षांच्या दुष्काळाने तिथे जमिनीवर काही ठेवलं नव्हतं. सगळं वर होतं. माझ्या मनात आलं, एक धड काच असती तर! नुसती एक धड काच!

बिरूने मेंढरं वाड्यात कोंडली, शेकोटी लांब दगडांआड केली. मी त्याला नऊशे वर्षांपूर्वीच्या ताऱ्याचं सांगितलं. आषाढात पेटला, आमच्याकडे ढग होते, म्हटलं.

"आमच्याकडं ढग येत्यात, पर थांबत न्हाईत," बिरू म्हणाला. "दिसला आसंल आमच्या म्हाताऱ्यास्नी. मेंढरामागं हिंडनारा मानूस, वरच बगतोय."

"मग कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुनाला सांगायचं? इचाराया कोन आलं हुतं, मास्तर?"

मी पुढे आयुष्यभर ताम्रपट चाळले, ते हा प्रश्न कानात घेऊनच.

मेंढवाड्याच्या दगडी कठड्यावर घोंगडं टाकून शिवरामने नळी टेकवली. वाळवंटात शिकलेला तो हात. नळीच्या वरून नजर लावून शेंबी धरली, जरासा वर गेला, थांबला. स्वतः डोळा लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. काही सेकंदांत त्याने डोळा काढला, आणि त्याला काही दिसलं नव्हतं हे मला अंधारातही कळलं.

"या, तात्या," तो म्हणाला.

तात्या गुडघ्यांवर बसले. डावा डोळा मिटला, उजवा लावला. इतका वेळ गेला की एक मेंढी दोनदा खोकली. मला बापूसाहेबांची गच्ची आठवत होती आणि मी मनात म्हणत होतो, काही दिसत नाही म्हणून टाका एकदाचं, म्हणजे सुटू.

"धूर हाय," तात्या म्हणाले.

शिवराम हलला नाही.

"बारका न्हाई. लय हाय. जिकडं तिकडं पांढरा धूर." त्यांनी मान उचलली नाही. "ह्योच का रं?"

ओरखडलेल्या काचेतून आणि पिकत आलेल्या मोतीबिंदूतून माणसाला दुसरं काय दिसणार? त्यांनी दुर्बीण मेंढीकडे वळवली असती तरी धूरच दिसला असता. शास्त्र म्हणून त्या निरीक्षणाची किंमत शून्य होती, आणि मी शास्त्र शिकवत होतो. मी सांगणारही होतो. पण शिवरामने श्वास सोडला तो आवाज मला ऐकू आला.

"व्हय," तो म्हणाला. "ह्योच."

"कशाचा म्हनलास?"

"फुटला त्याचा."

तात्या अजून नळीला डोळा लावून होते. "मोठा आवाज झाला आसंल."

"हितवर न्हाई आला."

"तुला आला हुता का?" तात्यांनी विचारलं. "तिकडं?"

मी खाली बघू लागलो. बिरूने एक काटकी मोडली.

"आला," शिवराम म्हणाला.

तात्या नळीकडे पाठ करून कठड्याला टेकून बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली. शिवराम तिथे जाऊन बसला. दोघंही समोर अंधारात बघत होते, एकमेकांकडे नाही.

"शेजारी कोन हुतं तुज्या?" तात्यांनी विचारलं.

शिवरामने एक नाव घेतलं. मी ते नाव त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्या माणसाचं गाव सांगितलं, तो कशाला हसायचा ते सांगितलं. मी आणि बिरू उठून शेकोटीकडे गेलो. तिथवर शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मधे एकदा तात्यांचं "बरं, मग?" एवढं स्वच्छ ऐकू आलं.

तेव्हापासून किती मार्गशीर्ष आले आणि गेले. तात्या गेले, शिवराम गेला, चरक गेले, कारखाने आले. त्यांच्या चिमण्या बापूसाहेबांच्या गच्चीपेक्षा कितीतरी उंच आहेत. चांगल्या दुर्बिणी असलेल्या दोन-तीन माणसांनी मला बोलावलं. एकदा ढग आले, एकदा मला ताप आला, एकदा वीज आली आणि रस्त्यावरचे सगळे दिवे लागले. आता माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तो धूर मी अजून पाहिलेला नाही, आणि कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवायचं धैर्यही होत नाही.

त्या रात्री मात्र, बापलेक बोलत होते तेव्हा, मी एकदा परत कठड्यापाशी गेलो होतो. माणदेशातलं ते आभाळ, हाताशी दुर्बीण, मला राहवेना. डोळा लावला. पांढरं, नुसतं पांढरं. नळी कुणी हलवली नव्हती, पण आभाळ कुणासाठी थांबत नाही. शिंग, शेंबी, सगळं केव्हाच तिच्यातून सरकून निघून गेलं असणार. नळी नीट करावी म्हणून मी हात लावला. त्याबरोबर शेजारून शिवरामचं बोलणं थांबलं.

मी हात काढून घेतला आणि तिथून लांब जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलायला लागला.